पुंजारामच्या गाडीतला दिवा

केदारखेड्याच्या पुंजारामची पस्तिशी उलटली तरी त्याच्या नावामागं कुणी 'जी' लावला नव्हता. गावात तो पुंज्या, आणि सासरवाडीला, म्हणजे धावड्याला, तो 'धाकले जावई'. धाकले जावई म्हणजे ज्याला चहा दुसऱ्या फेरीत मिळतो आणि ज्याच्या तब्येतीची चौकशी थोरल्या जावयाच्या बैलांच्या तब्येतीनंतर होते, असा माणूस.

थोरला जावई भोकरदनचा रखमाजी. त्याला 'जी' बारशातच मिळाला होता, त्यामुळं पुढं काही कमवायची गरजच पडली नाही. तरी त्यानं शहाण्णव साली कोरी जीप काढली. दर सणाला तो जीप घेऊन धावड्याला यायचा, सासूच्या दारात तिचं तोंड रस्त्याकडं करून उभी करायचा आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा दरवाजा आपटायचा. पुंजाराम यष्टीनं यायचा. यष्टीचा दरवाजा कंडक्टर आपटतो, त्यात जावयाला काही मान नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी, तुळजाबाईंनी, एकुलत्या एक पोराचं, धर्मराजचं, लग्न ठरवलं. टेंभुर्णीच्या तातेरावांची पोरगी. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची. आता त्या घराण्याची रीत अशी होती, की नवरदेव ज्या जावयाच्या गाडीतून मांडवाच्या गावी जाईल, त्या जावयाला नवरीचा बाप मारुतीपुढं पहिला फेटा बांधतो. गाडी म्हणजे तेव्हा बैलगाडी होती. पुढं बैल गेले, रीत राह्यली. आणि पहिला फेटा ज्याच्या डोक्याला, तो जावई मरेपर्यंत त्या घरात पहिला. वय कितीका असेना.

"नवरदेवाला गाडी कुणाची?" असं कुणी विचारलंसुद्धा नाही. गाडी एकच होती.

पुंजारामनं ठरवलं, दोन पाहिजेत.

कापसाचं साल बरं गेलं होतं. जालन्याला जाऊन एका दलालाकडनं त्यानं आठ वर्षं वापरलेली मोठी गाडी घेतली. पांढरी, चौकोनी तोंडाची, कागदावर दहा माणसांची आणि लग्नसराईत अठरा जणांची. आधी ती कुण्या कालव्याच्या ठेकेदाराकडं होती म्हणे. पुंजारामनं ती बैल पाहावा तशी पाह्यली. पुढून बघितली, मागून बघितली, टायरला लाथ घातली, बोनेटवर थाप मारली. बैलाच्या शेपटीला हात लावून बैल उसळतो का हे पाहतात. ह्यानं सायलेन्सरला हात लावला आणि स्वतःच उसळला.

"आईल?" बोटं फुंकत त्यानं माहितगारासारखं विचारलं.

दलालानं टोपण काढून दाखवलं. आत काळंभोर.

"दाट हाये ना?"

"एकदम काकवीवानी."

"मंग बराबर हाये," पुंजाराम म्हणाला, आणि त्या दिवसापासून आईल हा विषय त्यानं डोक्यातून काढून टाकला.

गाडी आली खरी, पण तुळजाबाईंचं मत हललं नाही. पोळ्याला ती दारात उभी राह्यली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "चांगली हाये, जावईबापू. वऱ्हाडातल्या बाया बसतीन हिच्यात. नवरदेवाला रखमाजीची कोरी हायेच." रखमाजी बाजंवर बसून सुपारी कातरत होता. त्यानं मान वर केली नाही. मान वर न करण्यातही त्याचा मान होता.

पितृपक्षात गाडीचा भोंगा बसला. पुंजारामनं ती गावातल्या धुळाजी मिस्त्रीकडं नेली. धुळाजीच्या बापानं मेंढरं राखली, धुळाजीनं पान्हा धरला. पण बोलायची सवय दोघांनाही रानातलीच, म्हणजे विचारल्याशिवाय नाही. भोंग्याची तार शोधता शोधता त्याला खाली एक भलतीच तार तुटलेली दिसली. तुटलेली कसली, कुणीतरी पकडीनं नीट कापलेली. धुळाजी कामाला चोख माणूस. त्यानं भोंग्याबरोबर तीही जोडून टाकली, फुकटात. सांगितलं मात्र काही नाही.

दुसऱ्या दिवशी घट बसले. पुंजाराम बायकोला, गोजरबाईला, घेऊन बाजाराला निघाला. बाजार करून गाडी वेशीत उभी केली, तर गोजरबाई एकदम त्याच्या हाताला धरून म्हणाली, "आवं, हे काय वं?"

"काय?"

"हितं, काट्याच्या काचंत. दिवा लागलाय."

पुंजारामनं वाकून पाह्यलं. बोटाच्या पेराएवढी लाल पणती. लांबट पोटाची, चोच काढलेली, आणि चोचीच्या टोकाला एक इवलासा थेंब, ज्योत असावी तसा. गाडी घेतल्यापासून तिथं काही नव्हतं.

"घट आजच बसले," गोजरबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "अन् आजच दिवा लागला. मी म्हणलं व्हतं का न्हाई, गाडी पायगुणाची हाये म्हून?"

तिनं पदर घेऊन हात जोडले. पुंजाराम तसा देवाधर्मातला नव्हता. पण फायदा कुठल्या देवाकडून येऊन राह्यलाय हे त्याला लगेच कळायचं. त्यानंही हात जोडले.

गाडी पळायला लागली की दिवा विझायचा, उभी राह्यली की पुन्हा लागायचा. ह्याचा अर्थ गोजरबाईनंच लावला: "पळत्या गाडीत देवी बाह्यर बघत आसती. थांबली की आत येती." केदारखेड्यात दोन दिवसांत बातमी झाली. बाया नारळ घेऊन यायला लागल्या. पुंजाराम चावी फिरवायचा, इंजिन जरा वेळ चालू ठेवायचा, दिवा लागला की दार उघडायचा. धुळाजी मिस्त्रीची बायकोसुद्धा खणानारळानं ओटी भरून गेली आणि मागं उभा धुळाजी पान्हा खिशात घालून गप्प राह्यला.

दसऱ्याला गाडी धावड्याला गेली. तुळजाबाई पुढच्या सीटवर चढून बसल्या, दिवा पाह्यला, आणि काट्यांच्या काचेवर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली. दिव्याची जागा तेवढी मोकळी ठेवली. त्या बोटांखाली गरमीचा काटा गेला तो गेलाच.

रखमाजीला हे सहन झालं नाही. "आसा दिवा माझ्या बी गाडीत हाये," तो म्हणाला.

"दावा," तुळजाबाई म्हणाल्या.

सारं घर त्याच्या जीपीपाशी गेलं. रखमाजीनं चावी फिरवली. दिवा लागला! बाया पुढं सरकल्या. मंग त्यानं इंजिन चालू केलं आणि दिवा टपकन् विझला. त्यानं बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

"येती अन् लगेच निगून जाती," तुळजाबाई म्हणाल्या. जरा थांबून, लई मायेनं, "का जाती, त्ये तुमचं तुमी बघा, जावईबापू. मी काय इचारीत न्हाई."

रखमाजीची मान त्या दिवशी आपोआप वर झाली. त्या संध्याकाळी ठरलं: नवरदेव पुंजारामच्या गाडीत जाईल, आणि फेटा पुंजारामचा.

लग्नाच्या दिवशी सकाळी धावड्याहून वऱ्हाड निघालं. पुढं पुंजारामची गाडी, तिच्यात पुढच्या सीटवर बाशिंग बांधलेला धर्मराज आणि तुळजाबाई, मागं गोजरबाई आणि पंधरा बाया. तिच्या मागं रखमाजीची जीप, तिच्या मागं बाकीच्यांचा टेम्पो. आता दिवा विझत नव्हता. गाडी पळो की थांबो, तेवत होता. तुळजाबाई कौतुकानं म्हणाल्या, "आज देवी बाह्यर बघतच न्हाई. आज तिचं सारं ध्यान नवरदेवाकडं हाये."

भोकरदन मागं गेलं. बायांनी नवरदेवाची गाणी धरली. तेवढ्यात बोनेटखालून टक्‌टक् सुरू झाली. आधी हळू, मंग खणखणीत.

"दाजी, हे काय वाजून राह्यलंय?" धर्मराजनं बाशिंगाच्या मुंडावळ्या बाजूला करून विचारलं.

पुंजारामला माहीत नव्हतं. पण फेटा दोन तासांवर आला होता आणि फेट्याच्या दिशेनं निघालेला माणूस थांबत नसतो. "काय न्हाई," तो म्हणाला, "नव्या रस्त्याचं हाये." रस्ता काही नवा नव्हता.

"आगं बाई, गाडी बी ठेका धरून राह्यली!" मागून एक जण म्हणाली, आणि पंधरा बाया त्या ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागल्या. टक्‌टक् वाढली तशी गाण्याची चाल वाढली. जाफराबादचा पूल येईपर्यंत बायांना दम लागला होता.

पूल ओलांडून चढ लागला. अर्ध्या चढावर गाडीनं एक खोल हुंदका दिला, खाडकन् आवाज झाला, आणि बैलानं औत मोडून बसावं तशी ती जागच्या जागी बसली. बोनेटच्या फटीतून निळा धूर आला. गाणं मध्येच तुटलं. पुंजारामनं चावी फिरवली. गप्प. पुन्हा फिरवली. आत कुणीच नसल्यासारखं.

दिवा मात्र लखलखत होता.

मागून जीप आली. रखमाजी सावकाश उतरला. फेट्याची आशा त्यानं दसऱ्यालाच सोडली होती, पण आता डोक्यावरनं हात फिरवला. "काय पुंजाराम, देवी दमली का?"

"गरम झाली आसंन. जरा येळ—"

"जरा येळ? मुहूर्त साडेबाराचा हाये." रखमाजीनं धर्मराजच्या बाजूचं दार उघडलं. "चला नवरदेव, उतरा. जीपीत बसा."

धर्मराजनं एक पाय बाहेर काढला. तो खाली टेकला की पुंजारामचा फेटा गेला, आणि तोही टेंभुर्णीच्या मारुतीपुढं, चारशे माणसांदेखत.

"खबरदार, पाय खाली लावलास तर!" तुळजाबाईंनी पोराच्या धोतराचा सोगा धरला. "बाशिंग बांधलेला नवरदेव मारुतीच्या आधी भुईला पाय लावीत न्हाई. गाडी पूजलेली हाये. दिवा जागा हाये. उतरायचं न्हाई!"

"मंग जायचं कसं, आत्याबाई?" रखमाजी म्हणाला.

"तुमची गाडी चालती ना? वढा."

रखमाजीच्या तोंडावर जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. पण सासूपुढं तो ते गिळून बसला. शेजारच्या मळ्यातून मोटेचा जुना नाडा आणला, एक टोक जीपीच्या मागं बांधलं, दुसरं पुंजारामच्या गाडीच्या पुढं. "चावी काढू नको, न्हाई तर इस्टेरिंग आडकंन," रखमाजी दात खाऊन म्हणाला, "अन् बिरेक मारत राह्य."

ब्रेक मारायचं सोपं नव्हतं. इंजिन बंद पडलं की असल्या गाडीचा ब्रेक दगड होतो, हे पुंजारामला चढ संपून उतार लागल्यावर कळलं. दोन्ही पाय देऊन तो ब्रेकवर उभा राह्यला तरी गाडी पुढं जाऊन रखमाजीच्या कोऱ्या जीपीच्या ढुंगणाला लागली. ठण्‌.

रखमाजीनं मुंडकं बाहेर काढलं. "आरं ए! दिसत न्हाई का?"

"दिसून राह्यलंय, पर थांबत न्हाई!"

"मंग देवीला सांग की धरायला!"

टेंभुर्णी येईपर्यंत देवीनं तीनदा धरलं नाही.

मारुतीपुढं तातेराव सोयरे भरजरी फेटा हातात घेऊन उभे होते. वाजंत्री वाजत होती. बघतात तर आधी एक मागून चेंबलेली जीप, तिच्या मागं नाडा, नाड्याच्या मागं धुरानं काळवंडलेली गाडी आणि तिच्यात नवरदेव. तातेराव दोन पावलं पुढं आले, एक मागं गेले.

"नवरदेव कुण्या जावयानं आणला म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

"मी," रखमाजी म्हणाला. "जाफराबादपसून वढून आणलाय."

"वढला त्यांनी," पुंजाराम म्हणाला, "बसला माझ्यात."

"बसून काय व्हतं? गाडीच मेली तुझी!"

"मेली तर तुमी मढं वढत आणलं का? नवरदेव बसलेला?"

वाजंत्री थांबली. असल्या वेळी वाजंत्री बरोबर थांबते. तुळजाबाई खाली उतरल्या आणि सोयऱ्यांना म्हणाल्या, "सोयरं, हिकडं या. आत वाकून बघा." तातेराव वाकले. त्यांच्या मागं त्यांची बायको वाकली, तिच्या मागं मांडवातल्या बाया.

"इंजिन गेलं. धूर निगाला. तीन ठिकाणी धडकली. पर दिवा हालला का?" तुळजाबाईंनी विचारलं.

दिवा हालला नव्हता. उलट इंजिन धडधडत असताना होता त्यापेक्षा ठळक झाला होता. तातेरावांनी फेटा काखेत धरून हात जोडले. बाया कुंकवाच्या पुड्या शोधायला पळाल्या. रखमाजीनं एकदा आपल्या जीपीच्या मागच्या बाजूकडं पाह्यलं, एकदा दिव्याकडं पाह्यलं आणि तो नाडा सोडायला गेला.

"या, पुंजारामजी," तातेराव म्हणाले.

फेटा बांधताना पुंजारामचे कान तापले होते. फेट्यात ते झाकले गेले हे बरं झालं.

चार दिवसांनी गाडी ट्रॅक्टरला बांधून केदारखेड्याला पुंजारामच्या दारात आली. धुळाजी मिस्त्रीनं इंजिन उतरवलं आणि खालचं भांडं सोडलं. वाटीभर आईल निघालं, तेही लोखंडाच्या कुटानं चमकणारं. बेरिंगं त्यानं पुंजारामच्या तळहातावर ठेवली. ती घासून पत्र्यासारखी झाली होती. क्रँक निळा पडला होता.

"बिना आईलचं चाललं," धुळाजी म्हणाला. "दीड महिना."

"बिना आईलचं? मला कसं कळावं?"

धुळाजीनं हात फडक्याला पुसले. मंग म्हणाला, "दिवा लागत व्हता ना."

"कोन्ता दिवा?"

"त्योच. आईलचा जोर कमी झाला की त्यो लागतो. आईल घालायच्या भांड्याचं चित्र हाये त्ये, चोचीच्या. कुणीतरी तार कापून ठिवल्ती, मी जोडली."

पुंजारामनं हातातली बेरिंगं खाली ठेवली. "आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं का? तुमच्या मंडळी हात जोडून उभ्या. माझी बायको वटी भरून आली. मी काय म्हणू, तुमची देवी आईल मागून राह्यली म्हून? मला घरात जेवाय मिळलं असतं का?"

"रखमाजीच्या गाडीत टिकत न्हाई त्यो—"

"नीट गाडीत टिकतच न्हाई. आल्ते की त्ये माझ्याकडं, दिवा टिकवून दे म्हून. मी म्हणलं, टिकला की या."

पुंजाराम टायरवर बसला. धुळाजीनं बिडी पेटवली. नवे लायनर, नवं बेरिंग, क्रँक घासून, महिन्याभरात इंजिन नवं होईल असं तो म्हणाला. "आन् मंग दिवा लागायचा न्हाई."

इथं पुंजारामचं तोंड उतरलं. इंजिन जाम झालं तेव्हाही एवढं उतरलं नव्हतं. कालच धावड्याहून निरोप आला होता: संक्रांतीला नवरीला माहेराहून आणायला मूळ पाठवायचं, त्याच गाडीनं, आणि टेंभुर्णीच्या बाया दिव्याची वाट पाहून राह्यल्या आहेत.

"दोन्ही व्हत न्हाई का? इंजिन बी नीट, दिवा बी राह्यला पाह्यजेल."

"देवीच्या हातानं न्हाई व्हायचं," धुळाजी म्हणाला. "तारीनं व्हतं. चावीला थेट जोडून देतो. चावी फिरली की दिवा. मंग आईल असो का नसो, त्यो काय सांगायचा न्हाई. तुमच्या ध्यानानं बघावं लागंन."

पुंजारामनं उंबऱ्याकडं पाह्यलं. गोजरबाई अंगणात शेणकाल्याचा सडा टाकत होती. "जोड," तो म्हणाला, "आन् हे तुझ्या बायकोला बी सांगू नको."

"तुमी इचारल्याबिगर मी तुमाला सांगितलं न्हाई," धुळाजी म्हणाला, "तिला कशाला सांगू?"

संक्रांतीला गाडी टेंभुर्णीला गेली आणि आली. दिवा जाताना, येताना, पळताना, थांबताना एकसारखा. पुंजारामला धावड्यात चहा पहिल्या फेरीत मिळायला लागला. घरी मात्र त्याची झोप उडाली. दिवा आता मुका झाला आहे हे जगात दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला एक धुळाजी. म्हणून रोज उजाडता उजाडता, गोजरबाई उठायच्या आत, पुंजाराम बोनेट उघडायचा, आईलची पट्टी ओढायचा, स्वच्छ फडक्यानं पुसायचा, परत घालायचा, परत ओढायचा, आणि खुणेपाशी डोळा लावून वाकून बघायचा. अख्ख्या तालुक्यात एवढ्या निष्ठेनं आईल बघणारा माणूस नव्हता. शेताकडं जाणारी माणसं रस्त्यावरून त्याला बोनेटपुढं वाकलेला पाहायची आणि आवाज न करता पुढं जायची.

शिमग्याच्या आधी एके सकाळी रखमाजी आला. जीप त्यानं लांबच उभी केली होती, दरवाजाही हळू लावला होता. पुंजाराम पट्टी हातात घेऊन वाकलेला. रखमाजीनं चपला काढल्या आणि मागं येऊन उभा राह्यला.

"रोज करता व्हय?"

पुंजाराम दचकला. पट्टी हातात, फडकं खांद्यावर. सांगायचं म्हटलं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं. दोन शब्द पुरले असते. त्यानं रखमाजीच्या अनवाणी पायांकडं पाह्यलं.

"रोज," तो म्हणाला.

"म्हून टिकती," रखमाजी म्हणाला. "माझ्याच्यानं इतकं पहाटं उठणं व्हत न्हाई." मंग त्यानं डावा हात उजव्या हाताखाली धरला आणि ओंजळ पट्टीखाली केली. "जरा तीर्थ द्या."

पट्टीच्या टोकावरून एक काळा थेंब सुटला आणि त्याच्या तळहातावर पडला. रखमाजी तो तोंडाकडं न्यायला लागला.

"पिऊ नका," पुंजाराम घाईनं म्हणाला. "उग्र आसतं. नुसतं कपाळाला लावा."